पेट्या मोजू नका, फुलोरा मोजा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जावळीतल्या एका गावी पेटी उघडायला गेलो होतो. सकाळचे साडेआठ वाजले असतील. घरामागच्या बांधावर जांभळाच्या सावलीत लाकडी स्टँडवर पेटी ठेवलेली होती आणि मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचा एकेक पाय पाण्याच्या वाटीत उभा होता. मधपाळ काकांचं वय सत्तरीच्या पुढे. हातमोजे नाहीत, जाळीही नाही. जुन्या गोणपाटाची गुंडाळी पेटवून त्यांनी दारावर दोनदा धूर सोडला, झाकण काढलं आणि वरच्या मधकोठीतली एक चौकट दोन बोटांनी अलगद उचलली. वरचा निम्मा भाग पांढऱ्या मेणाने बंद झालेला होता, खालच्या उघड्या घरांत पातळ रस हलत होता.

"अजून धा दिस," ते म्हणाले आणि चौकट होती तशी परत ठेवली. "माशीनं झाकान लावल्याबिगर काडायचा न्हाई. आत्ता काडला तर आंबतो बगा."

दुसऱ्या पेटीतली चौकट पूर्ण बंद झालेली होती. तिच्या कोपऱ्यातला मेणाचा तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. गडद, जांभळट तपकिरी मध. आधी गोडी जाणवली आणि मग जिभेच्या कडेला जांभळाचीच ती किंचित तुरट ओढ. डोक्यावरच्या झाडाची चव हातावर आली होती. मी समोरच्या उताराकडे पाहत होतो. हिरव्या रानात तिथे लाल मातीचा एक चौकोन दिसत होता, सिमेंटचे खांब रोवलेला, काटेरी तार ओढलेला. काका म्हणाले, "तितं आठ जांभळं हुती, तीन हिरडं हुतं." पूर्वी त्यांच्याकडे पंचवीस पेट्या असायच्या. आता नऊ आहेत.

त्याच आठवड्यात पेपरात मधपेट्या वाटपाची बातमी होती. पाहुणे, हार, ओळीने मांडलेल्या नव्या कोऱ्या पेट्या आणि पुढे लाभार्थ्यांची संख्या. काकांना पेटी कमी पडली नव्हती, त्यांच्या पडवीत सोळा रिकाम्या पेट्या एकावर एक रचून ठेवल्यात. त्यांना कमी पडलं ते रान. आपल्याकडच्या मधाच्या सगळ्या योजना, मोहिमा आणि घोषणा पेटीपासून सुरू होतात आणि पेटीपाशीच संपतात. माझं म्हणणं असं की मोजायला सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झाली आहे.

महाराष्ट्राला मधाचं काम नवं नाही, हे आधी सांगायला हवं. महाबळेश्वरला १९४६ पासून हे काम चालू आहे आणि आज तिथे खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. झाडाच्या ढोलीतली सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, पेटीत कशी आणावी, पोळं न पिळता मधयंत्रात फिरवून मध कसा काढावा आणि रिकामं पोळं माशीला परत कसं द्यावं, हे शिक्षण सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवर पोचवणारे लोक होते. काकांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं आणि वडिलांना शिकवलं ते पायी फिरणाऱ्या एका सरकारी क्षेत्र सेवकाने. त्या कामाबद्दल मनात आदरच आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, त्यानंतर भुदरगडातलं पाटगावही त्या वाटेने गेलं. याचा आनंदच आहे. पण मधाचं गाव म्हणजे काय, याचं उत्तर गावात किती पेट्या आहेत यावर ठरणार की त्या गावाच्या शिवारात वर्षाचे किती महिने काही ना काही फुललेलं असतं यावर?

सातेरी लांब जात नाही. साधारण एक-दीड किलोमीटर हे तिचं जग. त्या वर्तुळात वर्षभराची शिधासामग्री असली तर वसाहत टिकते, नसली तर एका दुपारी राणीसकट सगळी पेटी उठते आणि निघून जाते. महाबळेश्वर-जावळी-कोयनेच्या पट्ट्यात ही शिधासामग्री कशी येते ते पाहा. पावसाळा ओसरता ओसरता कारवीच्या जातीतली झुडपं, म्हणजे कारवी, व्हायटी, आखरा, आपापल्या पाळीच्या वर्षी फुलतात. थंडीच्या तोंडावर पिसा येतो. उन्हाळ्यात गेळा, जांभूळ आणि हिरडा. या झाडाझुडपांची नावं इथे मधाचीच नावं म्हणून वापरतात. 'हिरड्याचा आहे का?' असं विचारणारं जुनं गिऱ्हाईक अजून भेटतं. जून ते ऑगस्टच्या धो धो पावसात बाहेर काहीच नसतं, तेव्हा मधपाळ साखरेचा पाक ठेवून वसाहत जगवतो. हे लपवण्यासारखं नाही, तो मध काढला जात नाही. पण या साखळीतली एक कडी तुटली, समजा मार्चमधली, की माशीला उपासमारीचे दोन महिने जास्त काढावे लागतात आणि मग पेटीवर किती अनुदान दिलं याला काही अर्थ उरत नाही.

कारवीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा होतो आणि बी धरून ते झुडूप मरतं. म्हणजे कारवीच्या मधाचा एक हंगाम हवा असेल तर तो उतार सात वर्षं शाबूत राहायला हवा. दर उन्हाळ्यात गवत चांगलं येईल म्हणून, रानडुकरं हुसकायची म्हणून, कधी नुसतीच बिडी टाकून, वणवा लागतो. कारवी सहाव्या वर्षी जळाली तरी तिची पहिली पाच वर्षं वाया गेली. वणव्यात वाळक्या झाडांच्या ढोल्या जळतात, ढोलीत सातेरीचं घर असतं. आणि तो लागतो कधी? फेब्रुवारी ते मे, म्हणजे नेमका मधाचा मोसम. मध उत्पादन वाढवण्याच्या कोणत्याही आराखड्यात वणवा अडवणाऱ्या जाळपट्ट्यांना पेटीइतकं महत्त्व दिलेलं मी पाहिलेलं नाही.

या कारवीला आपल्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत स्वतःची ओळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मधात सुक्रोज साखर पाच टक्क्यांच्या वर नसावी असा नियम, पण कारवीच्या मधाला दहा टक्क्यांपर्यंत सूट. ती झाडाच्या शास्त्रीय नावानिशी लिहिलेली आहे. सह्याद्रीतल्या एका झुडपाचा स्वभाव वेगळा आहे हे देशाच्या नियमाने मान्य केलं, कारण कोणीतरी कधीतरी तो मध प्रयोगशाळेत नेऊन तपासला होता. म्हणजे मध हा सगळीकडे एकसारखा पदार्थ नाही, तो जागेगणिक बदलतो, हे तत्त्व कायद्याला कळलेलं आहे. बाजाराला मात्र ते कळू द्यायचं नाही.

बाजार काय करतो? पंजाब-राजस्थानच्या मोहरीचा, बिहारच्या लिचीचा आणि आणखी कुठकुठला मध एकत्र होतो, तापवला जातो, गाळला जातो आणि बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा होऊन बाटलीत बसतो. यात बेकायदा काही नाही. पण ग्राहकाची जीभ त्याने घडते. मग खरा मध हातात आला की तोच खोटा वाटतो. माझ्या घरातलं सांगतो. थंडीत एका बहिणीला मधाची बाटली पाठवली. महिन्याभरात तो मध तळापासून रवाळ झाला आणि तिचा फोन आला, "दादा, तुला फसवलंय रे कोणीतरी, साखर खाली बसलीय." ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत थिजतोच. मोहरीचा आणि सूर्यफुलाचा तर फारच लवकर. कोमट पाण्यात बाटली ठेवली की परत पातळ होतो. तिला हे पटवायला अर्धा तास गेला आणि ती माझी बहीण होती म्हणून अर्ध्या तासात पटलं. रस्त्याकडेला बाटल्या घेऊन बसलेल्या मधपाळाला हा अर्धा तास कोण देतो?

भेसळीचा प्रश्न याच सपाटपणातून वाढला. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने तेरा ब्रँडचे नमुने तपासले. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या, मिसळलेला पाक शोधणाऱ्या चाचणीत त्यातले दहा नापास झाले आणि सगळ्या चाचण्या मिळून फक्त तीन ब्रँड उत्तीर्ण ठरले. कंपन्यांनी आरोप नाकारले. वादाचा निकाल काही लागो, त्या तपासणीने एक गोष्ट लख्ख दाखवली. नेहमीच्या चाचण्यांना चकवता यावं अशा बेताने बनवलेले साखरेचे पाक बाजारात मिळतात. मधाला गोडी, रंग आणि घट्टपणा एवढ्याच ओळखी ठेवल्या तर त्या तिन्ही कारखान्यात बनवता येतात. कारखान्याला जांभूळ बनवता येत नाही. मधात त्या त्या झाडाचे परागकण असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते आपलं गाव सांगतात. जांभळाचा, कारवीचा, मोहरीचा, प्रत्येकाचा पराग वेगळा दिसतो. ही परीक्षा करणारी माणसं आपल्याकडे आहेत. म्हणून बाटलीवर फुलाचं नाव, तालुक्याचं नाव आणि काढणीचा महिना लिहिणं हे मला भेसळीविरुद्धचं सर्वांत स्वस्त हत्यार वाटतं. लिहिलेलं तपासता येतं. 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' या शब्दांत तपासायला काहीच नसतं.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम बदलला, आता मिश्र मधाच्या बाटलीवर कोणत्या देशाचा किती मध आहे ते लिहावं लागेल. आपल्याकडेही जम्मूतल्या रामबनच्या सुलाई मधाला आणि सुंदरबनच्या मधाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० मध्येच मिळालं. तालुक्याचं नाव लागल्याने मालाची पत कशी वाढते हे या डोंगराने स्ट्रॉबेरीत अनुभवलेलं आहे. मग मधाची पत 'जंगली मध' एवढ्या मोघम शब्दावर का सोडायची? कोणतं जंगल? ते अजून उभं आहे का?

इथे नियमांबद्दल एक अडचण सांगायला हवी. सातेरीच्या मधात ओलावा जास्त असतो आणि सह्याद्रीच्या दमट हवेत तर आणखीच. नियमाची मर्यादा वीस टक्के. झाकण लागायच्या आधी घाईने काढलेला मध ती ओलांडतो आणि आंबतो. मग खरा मध प्रयोगशाळेत हरतो आणि पाक जिंकतो. काकांचे ते 'अजून धा दिस' म्हणजे या मर्यादेचाच हिशेब आहे. पण दहा दिवस थांबायला घरात तेवढी ऐपत लागते. ज्याला शाळेची फी याच आठवड्यात भरायची आहे तो थांबत नाही. गावपातळीवर मधातला ओलावा मोजणारं साधं यंत्र, मंद आचेवर ओलावा उतरवण्याची सोय आणि थांबणाऱ्याला आगाऊ उचल, एवढं केलं तर पंचवीस नव्या पेट्यांपेक्षा जास्त फरक पडेल.

आता मेलिफेरा माशीचा मुद्दा. मला याच मुद्द्यावर बरेचदा विरोध होतो, तेव्हा स्पष्ट लिहितो. १९६०च्या दशकात उत्तरेत रुजलेली ही युरोपीय माशी वसाहतीमागे सातेरीच्या कितीतरी पट मध देते. ती सहसा पेटी सोडून पळत नाही आणि ट्रकवर घालून फुलोऱ्यामागे नेता येते. आपल्याकडचे कितीतरी तरुण पेट्या घेऊन राजस्थानात मोहरीवर जातात, संसार चालवतात. डाळिंबाच्या बागेत, कांद्याच्या डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, भाड्याने पेट्या ठेवून बियाण्याचं उत्पन्न वाढलेले शेतकरी मी पाहिलेत. त्यांना 'परकी माशी नको' असं सांगणं हा उद्धटपणा होईल आणि चूकही. पठारावर, मोकळ्या शेतीत, मेलिफेराला जागा आहे.

पण तीच पेटी सह्याद्रीच्या माथ्यावर, सातेरीच्या रानात वाटायला निघालात तर माझा विरोध आहे. मोठी वसाहत लहान वसाहतीचा मध लुटते, फुलं कमी असली की लुटालूट वाढते. दोन्हींचे रोग वेगळे आणि एकमेकींना लागणारे. माशीच्या अळ्या मारणाऱ्या सॅकब्रूड विषाणूने १९९१-९२च्या सुमारास दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींची कशी दाणादाण उडवली हे केरळ-कर्नाटकातल्या मधपाळांना अजून आठवतं. एकदा मोडलेली वसाहत परत उभी राहते ती रानातल्या ढोल्यांमधून, तिथे उरलेल्या जंगली सातेरीमधून. तोच साठा आपण पातळ करत चाललो आहोत. उद्दिष्ट पेट्यांत ठरवलं की अधिकाऱ्याला जी पेटी सहज मिळते आणि कागदावर जास्त किलो दाखवते तीच वाटली जाते. मेलिफेरा ही वाईट माशी नाही. उद्दिष्टच आंधळं आहे.

आणि पठारावर तरी मेलिफेरा सुखात आहे का? कांद्याचं बी धरणारे शेतकरी माशी यावी म्हणून डेंगळ्यांवर गुळाचं पाणी शिंपडतात. शेजारच्या रानात त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता, ऐन माशीच्या वेळी, कीटकनाशकाचा पंप चालू असतो. फवारणी संध्याकाळी करा आणि फुलोऱ्यात शक्यतो टाळा, हे प्रत्येक कृषी सहायक सांगतो. पण फवारणीचा मजूर सकाळी येतो, म्हणून फवारणी सकाळी होते. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानाच्या फळ्यावर, कृषी विभागाच्या प्रत्येक अनुदानाच्या अटीत फवारणीची वेळ यायला हवी.

पण माझी मोठी चिंता डोंगराची आहे. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचं संरक्षण आहे. कास पठार, कोयना आणि चांदोली २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. त्यांच्या आजूबाजूला, सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या सुरुवातीला ठरलेल्या २३५ गावांत, नवं महाबळेश्वर उभं करायची योजना २०१९ पासून राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तिथल्या माणसांना रोजगार हवा, रस्ता हवा, दवाखाना हवा, यात दुमत नाही. मुंबईत माथाडी कामाला गेलेल्या प्रत्येक घराचा तो हक्क आहे. प्रश्न असा की त्या रोजगाराच्या आराखड्यात जांभूळ कुठे आहे? यातली बरीच मोठी झाडं वनखात्याच्या हद्दीत नाहीत, ती मालकीच्या रानात आहेत. मालक मुंबईत, जमीन सामाईक, दलालाने भाव सांगितला की सह्या होतात. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो. आठ जांभळं आणि तीन हिरडे पाडायला त्याला दोन तास पुरतात. जांभूळ भरपूर मध देण्याजोगं व्हायला दोन पिढ्या लागलेल्या असतात.

झाड उभं ठेवणाऱ्याला आज काय मिळतं? काहीही नाही. पेटी घेणाऱ्याला पन्नास टक्के अनुदान मिळतं. त्या पेटीतला मध ज्या झाडावरून येतो त्याच्या मालकाला एक रुपया नाही. हे उलटं करा असं माझं म्हणणं नाही, निदान समान करा. मालकी रानातली मोठी जांभळं, हिरडे, गेळे, पिसे ग्रामसभेने मोजावेत, नोंदवावेत, आणि ती उभी आहेत तोवर मालकाला दरवर्षी थोडी का होईना रक्कम मिळावी. रोजगार हमीच्या कामात मार्चआधी जाळपट्टे काढायचं काम मधाच्या गावांसाठी सक्तीचं असावं. 'मधाचं गाव' ही पाटी लावण्याआधी त्या गावाचं फुलोऱ्याचं पंचांग तयार व्हावं, कोणत्या महिन्यात काय फुलतं, कुठे फुलतं, किती उरलंय. हे लिहायला तज्ज्ञ समिती नको. काकांसारखी दोन माणसं आणि दहावीतली दोन पोरं बसली की महिन्यात होईल. आणि कोणत्याही विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवताना हे पंचांग त्या नकाशाशेजारी ठेवावं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. एवढ्या थोड्या मधासाठी एवढा खटाटोप? सातेरीची पेटी वर्षाला पाच-सात किलो देते, चांगल्या जागी दहा. त्यावर कोणाचं घर चालत नाही. खरं आहे, नुसत्या मधावर चालत नाही. पण ज्या हिरड्यावर माशी बसते त्याचाच बाळहिरडा, म्हणजे कोवळं वाळवलेलं फळ, जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी घरांचा उन्हाळ्यातला रोख पैसा असतो. जांभूळ विकलं जातं, करवंद विकलं जातं, आणि परसातला भोपळा, कारलं हे माशीशिवाय धरत नाही. पेटीतले सात किलो हा फक्त वजनकाट्यावर चढणारा भाग आहे.

मे महिन्यात परत गेलो तेव्हा काकांनी जांभळाचा मध काढला होता. साडेचार किलो. धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटल्या, त्यावर नातीने वहीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. जांभूळ, वैशाख, आणि खाली शिवाराचं नाव. तारेच्या कुंपणाकडच्या तीन पेट्या त्यांनी उचलून ओढ्यापलीकडे नेल्या होत्या, तिकडे अजून रान आहे म्हणून. ते रान कोणाचं, असं विचारलं. "चुलत्याचं," ते म्हणाले. "मुंबैला असतोय. मागल्या हप्त्यात कुणीतरी बगून गेलंय."